ऊन पडले तरी वरचा टप्पा बंदच: जोरदार हिमवर्षावानंतर गुलमर्ग पुन्हा सुरू कसे होते?

गोरेगावपूर्व

नमस्कार मंडळी.

माझी धाकटी बहीण, मेहुणे आणि त्यांची दोन मुले सध्या गुलमर्गला आहेत. तेथे सलग दोन दिवस जोरदार बर्फ पडला आणि त्या काळात पायथ्याच्या टंगमर्गहून वर जाणारा रस्ता, गोंडोला (म्हणजे केबिनचा रज्जुमार्ग) आणि स्कीचे उतार असे सगळेच बंद राहिले. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. त्यांना आश्चर्य वाटले ते तिसऱ्या दिवशी. सकाळपासून लख्ख ऊन होते, तरीही रस्ता दुपारी आणि तोही एकेरी वाहतुकीसाठीच सुरू झाला. गोंडोलाचा मधल्या कोंगडोरी स्थानकापर्यंतचा पहिला टप्पा चौथ्या दिवशी उशिरा सुरू झाला आणि वरच्या अफरवाट डोंगराकडे जाणारा दुसरा टप्पा हे लिहीपर्यंत बंदच आहे.

हॉटेलात उतरलेल्या अनेकांचे म्हणणे असे की, पडून गेलेला बर्फ बाजूला करायला इतका वेळ लागण्याचे कारण नाही आणि हा निव्वळ ढिसाळपणा आहे. मेहुण्यांनी काल रात्री फोनवर माझे मत विचारले. माझी बर्फाची ओळख कुर्ल्याच्या मॉलमधील कृत्रिम बर्फापलीकडे जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. हिमवर्षाव थांबल्यापासून पर्यटक पुन्हा वर जाईपर्यंत नेमके काय काय करावे लागते आणि त्यात वेळ कुठे जातो, हे कोणी जाणकार सविस्तर सांगतील का?

जुना_सडककरी

रस्त्यापुरते मी सांगू शकतो. सीमा रस्ते संघटनेच्या, म्हणजे बीआरओच्या, यांत्रिकी विभागात नोकरी केली आणि त्यातले बरेच हिवाळे काश्मीरमध्ये काढले. आता डोंबिवलीत असतो.

बर्फ थांबला की यंत्र सुरू करायचे, इतके हे काम सरळ नसते. प्रथम रस्त्यावर उतरणाऱ्या नाळा, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळी, पाहाव्या लागतात. डोंगराचा बर्फ बहुधा ठरावीक नाळांतूनच खाली येतो आणि त्या नाळा स्थानिक लोकांना आणि जुन्या चालकांना तोंडपाठ असतात. वरची नाळ भरलेली असताना तिच्या तोंडाशी डोझर लावणे म्हणजे चालकाचा जीव पणाला लावणे होय. त्यामुळे यंत्र चालत असताना एक माणूस केवळ वर नजर ठेवून उभा असतो. टंगमर्ग ते गुलमर्ग हा साधारण १३ किलोमीटरचा रस्ता बराचसा सूचिपर्णी जंगलातून चढतो, त्यामुळे तेथे हा धोका श्रीनगर-लडाख मार्गावरील झोजीला खिंडीच्या तुलनेत पुष्कळच कमी आहे. मात्र बर्फाच्या ओझ्याने मोडलेल्या फांद्या आणि झाडे रस्त्यावर येतात, ती आधी कापून काढावी लागतात.

यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. डोझर बर्फ ढकलतो. स्नो कटर समोरच्या फिरत्या पात्यांनी बर्फ कापून आत ओढतो, आतला पंखा तो वेगाने नळीत लोटतो आणि नळीतून तो रस्त्यापासून लांब फेकला जातो. डोझर स्वस्त आणि काटक असला, तरी त्याने ढकललेला बर्फ रस्त्याच्या कडेलाच साठतो. हंगामाच्या सुरुवातीलाच कडेची जागा भरून टाकली, तर पुढच्या हिमवर्षावाचा बर्फ टाकायला जागा उरत नाही आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये रस्ता दर खेपेला अरुंद होत जातो. म्हणून अनुभवी मुकादम पहिल्याच खेपेला गरजेपेक्षा जास्त रुंदी मोकळी करून घेतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते वेळ दवडल्यासारखे वाटते. बर्फ कोणत्या बाजूला फेकायचा, हेही वारा आणि खालची वस्ती पाहून ठरवावे लागते, कारण वरच्या वळणावरून फेकलेला बर्फ खालच्या वळणावर पडला तर तो दुसऱ्यांदा काढावा लागतो.

आता पर्यटकांना न आवडणारी गोष्ट सांगतो. हिमवर्षावात कडेला सोडून दिलेल्या गाड्या हा या कामातला सर्वांत मोठा अडथळा असतो. मीटरभर बर्फाखाली गाडी आहे की नुसताच बर्फ आहे, हे कटरच्या चालकाला आतून दिसत नाही. पात्यात गाडीचे लोखंड आले तर गाडीचे जे व्हायचे ते होतेच, शिवाय यंत्रही निकामी होऊ शकते आणि त्या रस्त्यावर दुसरे यंत्र असेलच असे नाही. त्यामुळे संशयित जागी माणसे काठ्या खुपसत पुढे चालतात आणि यंत्र त्यांच्या मागून, त्यांच्याच वेगाने चालते.

एकेरी वाहतुकीचे कारणही हेच. प्रथम एका गाडीपुरती वाट फोडायची, त्यातून रुग्ण, दूध, इंधन आणि अडकलेली माणसे हलवायची आणि मग रुंदी वाढवायची, असा क्रम असतो. झोजीलाला सोनमर्गच्या बाजूने प्रोजेक्ट बीकन आणि द्रासच्या बाजूने प्रोजेक्ट विजयक या बीआरओच्या दोन विभागांकडून, अशी दोन्हीकडून वाट फोडली जाते. ही खिंड पूर्वी हिवाळ्यात जवळजवळ सहा महिने बंद असे. २०२४ मध्ये ती बंद झाल्यापासून ३५ दिवसांत आणि २०२५ मध्ये ३२ दिवसांत, १ एप्रिलला, वाहतुकीसाठी खुली झाली. त्यामागे जी यंत्रे आणि माणसे लागतात, त्यांचा हिशेब हॉटेलच्या खिडकीतून लागत नाही.

शंकासुर

काका, आपल्या अनुभवाबद्दल आदर आहेच, परंतु मला दोन शंका आहेत. पहिली अशी की, एकविसाव्या शतकात आपण अजून बर्फ खरवडतच का बसलो आहोत? मीठ, रसायने, गरम पाण्याचे फवारे किंवा रस्त्याखाली तापणाऱ्या तारा यांपैकी काहीच का वापरता येऊ नये? दुसरी शंका अशी की, रस्ता समजला, पण गोंडोला तर हवेतून जाते. तिच्या वाटेत बर्फ येतोच कुठे?

आकडेमोड

शंकासुर यांच्या पहिल्या शंकेचा हिशेब करून पाहू. गुलमर्गमधील एखादा वाहनतळ १०० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद आहे आणि त्यावर १ मीटर ताजा बर्फ पडला आहे, असे धरा. ताज्या, कोरड्या बर्फाची घनता दर घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो असते. १०० किलो धरली तर एकट्या वाहनतळावर ५०० टन बर्फ झाला. शून्य अंशावरचा १ किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे ५०० टनांसाठी सुमारे ४६ हजार युनिट वीज लागेल, आणि यात बर्फ शून्याखालून शून्यावर आणण्याचा खर्च, हवेत वाया जाणारी उष्णता आणि यंत्रांचे नुकसान धरलेलेच नाही. एवढे करून जे ५०० टन पाणी होईल ते रात्री पुन्हा गोठेल आणि त्यावर चालणे बर्फावर चालण्यापेक्षा अवघड असेल. तोच बर्फ उचलून २० मीटर पलीकडे फेकायला लागणारी ऊर्जा याच्या तुलनेत नगण्य आहे.

मिठाचा उपयोग रस्त्याला चिकटलेल्या पातळ थरासाठी होतो, मीटरभर थरासाठी नाही. शिवाय तापमान उणे ८ ते १० अंशांच्या खाली गेले की साध्या मिठाचा परिणाम फारच मंदावतो.

बर्फ किती म्हणजे किती, याचा अंदाज मुंबईकरांना यावा म्हणून एक आकडा देतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. एक सेंटिमीटर पाण्याचा साधारण दहा सेंटिमीटर ताजा बर्फ होतो, या ढोबळ हिशेबाने तेवढेच पाणी बर्फरूपाने पडले असते तर त्याचा थर सुमारे साडेनऊ मीटर झाला असता. ते पाणी ओहोटी लागल्यावर समुद्राकडे गेले तरी. बर्फ मात्र पडला तेथेच बसून राहतो आणि दिवसागणिक दाबून घट्ट होत जातो. वाऱ्याने दाबलेल्या बर्फाची घनता ३०० ते ४०० किलोपर्यंत जाते. म्हणून पहिल्या दिवशी एक माणूस फावड्याने सहज उडवतो तोच बर्फ तिसऱ्या दिवशी कुदळीने फोडावा लागतो. पत्र्याच्या उतरत्या छपरांवरून काश्मीरमध्ये बर्फ लगोलग उतरवतात तो याच कारणाने.

दादर_टीटी

आकडेमोड सर, ४६ हजार युनिट वाचून माझ्या वीजबिलाबद्दलच्या सर्व तक्रारी मी मागे घेत आहे. पुढे चालू द्या.

पार्लेकरीण

गुलमर्गच्या शासकीय संस्थेत मी स्कीचा अभ्यासक्रम केला आणि त्यानंतर जमेल तसे तेथे जात राहिले. मूळ प्रश्नाचे खरे उत्तर मला रस्त्यावर किंवा यंत्रांत दिसत नाही. ते वरच्या उतारांवर आहे.

पर्यटक म्हणतात की ऊन पडले, आता धोका संपला. डोंगरावर याच्या जवळजवळ उलट असते. हिमवर्षाव चालू असताना आणि तो थांबल्यावर पहिल्या २४ ते ४८ तासांत हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो. नव्या बर्फाचे ओझे जुन्या थरावर एकदम येते आणि तो थर ते पेलेल की नाही, हे त्या जुन्या थराच्या प्रकृतीवर अवलंबून असते. हंगामाच्या सुरुवातीला थोडासाच बर्फ पडून नंतर बरेच दिवस कोरडी, कडाक्याची थंडी राहिली, तर जमिनीलगतच्या बर्फाचे भरड, सुटे, एकमेकांना न चिकटणारे स्फटिक होतात. त्यावर मीटरभर नवा बर्फ बसला आणि घट्ट झाला की वर एक अखंड लादी आणि खाली तिला धरून न ठेवणारा थर अशी रचना तयार होते. त्या लादीला तडा देण्यासाठी एका स्कीअरचे वजनही पुरेसे ठरू शकते.

यात वाऱ्याची भर पडते. बर्फ पडणे थांबले तरी वारा थांबत नाही. तो कड्याच्या एका बाजूचा बर्फ उचलून पलीकडच्या बाजूला टाकत राहतो, त्यामुळे आडोशाच्या उतारावर प्रत्यक्ष पडलेल्या बर्फाच्या कितीतरी पट थर साचतो आणि माथ्याच्या धारेवर बर्फाचे छज्जे लोंबू लागतात. मग ऊन येते आणि तो सगळा भार ऊबदार करून सैल करू लागते. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे मानले जातात, आणि चांगल्या स्कीअरना नेमके तेच उतार हवे असतात.

गोंडोलाचा दुसरा टप्पा कोंगडोरीपासून, म्हणजे तीन हजार मीटरच्या थोडे वरून, अफरवाटच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. वरून उतरणारा माणूस थेट अशाच उतारांवर येतो. म्हणून तो टप्पा उघडण्यापूर्वी गस्त पथकाला वर जावे लागते, बर्फात खड्डा खणून थर तपासावे लागतात आणि जेथे गरज असेल तेथे माणसे नसताना बर्फ मुद्दाम खाली पाडावा लागतो. जगभरच्या स्की केंद्रांत यासाठी स्फोटके वापरतात: काही ठिकाणी हाताने टाकलेली, काही ठिकाणी तोफेने मारलेली, तर आल्प्समध्ये अनेक ठिकाणी कड्यावर कायमच्या बसवलेल्या नळ्यांमध्ये वायूचा स्फोट घडवून. लहान उतारांवर दोन कसलेले स्कीअर वरच्या बाजूने आडवे कापत जातात आणि थर सुटतो का ते पाहतात.

यातले कुठलेही काम ढगात किंवा हिमवर्षावात करता येत नाही. खाली कोणी नाही याची खात्री डोळ्यांनी करावी लागते आणि बर्फ सुटला की नाही तेही दिसावे लागते. त्यामुळे आकाश निवळले की या लोकांचे काम सुरू होते. मेहुण्यांना खिडकीतून दिसलेले लख्ख ऊन हे त्या कामाच्या पहिल्या तासाचे ऊन होते. त्या दिवशी दुपारी वरचा टप्पा उघडला असता, तर मला उलट काळजी वाटली असती.

ही भीती कागदोपत्री नाही. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवाटच्या हपतखुद भागात हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर मरण पावले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रशियन स्कीअरचा असाच मृत्यू झाला. गोंडोलाच्या लगतचा भाग तपासला जातो, पण अफरवाटचा डोंगर त्याहून फार मोठा आहे आणि तपासलेल्या हद्दीबाहेरचे उतार कोणीही मोकळे करून देत नाही. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधराएक मिनिटांत सापडला तर वाचण्याची शक्यता मोठी असते आणि अर्ध्या तासात ती फार खाली येते. याचा अर्थ, सुटका सोबत असलेल्या माणसांनीच आणि सोबतच्या ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव देणारे रेडिओ यंत्र), शोधकाठी आणि फावड्यानेच करावी लागते. खालून मदत येईपर्यंत उशीर झालेला असतो.

तारांवरची_कसरत

शंकासुर यांची दुसरी शंका माझ्या व्यवसायातली आहे. मी चेंबूरला राहतो आणि रज्जुमार्गांच्या देखभालीचे काम करतो. आपल्याकडच्या रायगडच्या रोपवेचा मुख्य शत्रू पाऊस आणि वारा, तर गुलमर्गला त्यात बर्फाची भर.

गोंडोला हवेतून जाते हे खरे, पण तिचा दोर मनोऱ्यांवरच्या रोलरवरून जातो आणि तिची यंत्रे जमिनीवर असतात. दोरावर आणि रोलरवर गोठलेला बर्फ काढल्याशिवाय प्रवासी घेता येत नाहीत, कारण एका बाजूला बर्फ जास्त साठला की दोर रोलरवरून सरकू शकतो आणि रज्जुमार्गावर त्याहून वाईट प्रसंग क्वचितच असतो. त्यासाठी माणसाला प्रत्येक मनोऱ्यावर पट्टा बांधून चढावे लागते आणि हातोडी किंवा काठीने बर्फ पाडावा लागतो. मनोऱ्याच्या पायथ्याशी पोहोचण्यासाठी आधी कंबरेएवढ्या बर्फातून वाट काढावी लागते, आणि तो मनोरा पार्लेकरीण ताईंनी सांगितलेल्या उताराखाली असेल तर तो उतार सुरक्षित झाल्याशिवाय कोणताही जबाबदार अभियंता आपला माणूस तेथे पाठवणार नाही. म्हणजे आमचे काम त्यांच्या कामाच्या मागे रांगेत उभे असते.

त्यानंतर स्थानकांची पाळी येते. केबिन आत येण्याची आणि बाहेर पडण्याची जागा मोकळी करावी लागते, दारे, संवेदक, ब्रेक आणि पर्यायी डिझेल इंजिन तपासावे लागते. कोंगडोरीहून मेरी शोल्डरकडे जाणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टला आणखी एक अडचण येते. बर्फाची पातळी वाढली की खुर्चीवर बसलेल्या माणसाचे पाय जमिनीला लागू शकतात, म्हणून अशा लिफ्टच्या खाली चर खणावा लागतो. शेवटी संपूर्ण फेरा रिकामा, मंद गतीने चालवून पाहतात आणि मगच गती वाढवतात.

एवढे सगळे जमले तरी वारा हा अखेरचा निर्णायक असतो. तळाशी पान हलत नसताना ३,९०० मीटरवर केबिन जोरात झुलत असू शकते. जून २०१७ मध्ये, बर्फाचा काहीही संबंध नसताना, वाऱ्याने उन्मळलेले झाड गुलमर्गच्या गोंडोलाच्या मार्गावर कोसळून सात जणांचा मृत्यू झाला होता. अशी घटना घडून गेलेल्या मार्गावर कर्मचारी वाऱ्याच्या बाबतीत अतिसावध असतील, तर त्याला मी ढिसाळपणा म्हणणार नाही.

शंकासुर

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. बर्फ वितळवण्याचा मुद्दा मी सोडून देतो. तरीही एक प्रश्न उरतो. स्वित्झर्लंडला जाऊन आलेले माझे कार्यालयीन सहकारी सांगतात की, तेथे रात्री अर्धा मीटर बर्फ पडला तरी सकाळी नऊ वाजता लिफ्ट सुरू असते. मग तेथे जमते ते येथे का जमू नये?

पार्लेकरीण

अर्धा मीटर बर्फाला जमते, कारण पहाटे चार वाजल्यापासून तेथे माणसे आणि यंत्रे कामाला लागलेली असतात आणि कड्यावरच्या नळ्या खोलीत बसून उडवता येतात. हिमाचा अभ्यास करणारी संस्था दावोसला १९३० च्या दशकापासून काम करते आहे, एवढा अनुभव त्यामागे आहे. आपल्याकडे हिमस्खलनाचे इशारे देण्याचे काम डीआरडीओची डीजीआरई ही संस्था करते. तिची पूर्वसूरी संस्था मनालीला १९६९ पासून होती. सांगायचे इतकेच की ज्ञान आपल्याकडेही आहे. कड्यावर बसवलेली उपकरणे आणि यंत्रांची संख्या यांत आपण मागे आहोत, ही टीका मला मान्य आहे.

परंतु मोठा हिमवर्षाव झाला की तेही थांबतात, हे सहकाऱ्यांनी पाहिलेले नसावे. जानेवारी २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्याच झेरमॅटचा रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद होऊन सुमारे १३ हजार पर्यटक अडकले होते आणि काहींना हेलिकॉप्टरने हलवावे लागले. अमेरिकेत युटाह राज्यातील आल्टा या स्की केंद्रात तर धोका वाढला की सर्वांना इमारतीतच राहण्याचा आदेश निघतो आणि तो मोडणे हा गुन्हा मानला जातो. कॅलिफोर्नियातील मॅमथ माउंटनवर २०२२-२३ च्या हंगामात मुख्य तळाजवळ ७१५ इंच, म्हणजे सुमारे १८ मीटर बर्फ पडला. तेथे लिफ्ट अक्षरशः खणून काढाव्या लागल्या, आणि मग त्याच बर्फाच्या बळावर तो हंगाम ६ ऑगस्टपर्यंत चालला. ऑस्ट्रियातील गाल्टूर गावावर २३ फेब्रुवारी १९९९ रोजी हिमस्खलन कोसळून ३१ जण दगावले, तेव्हा युरोपनेही आपले धोक्याचे नकाशे नव्याने तपासले.

जुना_सडककरी

यात माझी एक पुस्ती. बर्फ नकोसा झाला असे गुलमर्गमध्ये कोणी म्हणत नाही. चिल्लई कलानचे, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस, २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत, कोरडे गेले तर तेथील घोडेवाले, स्लेजवाले आणि स्की शिकवणारे यांची चूल अडते. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ उघडेबोडके होते, आणि २०२५ मध्ये बर्फ पुरेसा नसल्यामुळे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणून रस्ता आणि वाहनतळ सोडले, तर बाकी बर्फ कोणी हटवतच नाही. तो शक्य तितका राखतात.

शंकासुर

हे मला नवीन आहे आणि पटले. मात्र माझा एक आक्षेप कायम राहील. कारण एवढे सबळ असेल, तर ते पर्यटकांना सांगायला काय हरकत आहे? तिकीट खिडकीवर नुसते 'बंद' लिहिलेले पाहून माणूस ढिसाळपणाचीच शंका घेणार.

तारांवरची_कसरत

या आक्षेपाला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि मी हे फक्त गुलमर्गबद्दल म्हणत नाही. आपल्या देशातल्या बहुतेक रज्जुमार्गांवर 'तांत्रिक कारणास्तव बंद' या तीन शब्दांपलीकडे माहिती दिली जात नाही. वाऱ्याचा वेग, हिमस्खलनाची सध्याची पातळी, तपासणी कोणत्या टप्प्यावर आहे आणि पुढचा निर्णय किती वाजता होईल, एवढे फलकावर लिहिले तरी निम्मी भांडणे मिटतील. युरोपात धोक्याची एक ते पाच अशी पातळी ठरलेली आहे आणि ती लिफ्टच्या दारातच लावलेली असते. पर्यटक थांबायला तयार असतो, त्याला फक्त कशासाठी थांबायचे ते कळायला हवे. उघडण्याची वेळ आधीच जाहीर करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण एकदा 'अकरा वाजता' म्हटले की अकरा वाजता रांग लागते आणि गस्त पथकावर दबाव येतो.

गोरेगावपूर्व

सर्वांचे मनापासून आभार. हा संपूर्ण धागा मेहुण्यांना पाठवला आणि त्यांनी तो हॉटेलच्या जेवणघरात मोठ्याने वाचून दाखवला, असे बहीण सांगते. आता दोन व्यावहारिक प्रश्न आहेत. मुलांना खालच्या उतारावर स्की शिकायचे आहे, पण प्रशिक्षकाने त्यांना उद्यापर्यंत थांबायला सांगितले आहे. तेथे तर हिमस्खलनाचा धोका नाही, मग थांबायचे कशाला? आणि परवा दुपारी श्रीनगरहून मुंबईचे विमान आहे, तर गुलमर्गहून केव्हा निघावे?

पार्लेकरीण

प्रशिक्षक योग्य सांगत आहेत. ताज्या भुसभुशीत बर्फात नवशिक्याची स्की रुतते, वळता येत नाही आणि गुडघा मुरगळतो. त्या उतारावरून आधी यंत्र फिरवावे लागते. तेथे त्याला 'स्नो बीटर' म्हणतात. त्याचे पट्टे इतके रुंद असतात की यंत्र कित्येक टनांचे असूनही बर्फावर त्याचा दाब माणसाच्या पावलापेक्षा कमी पडतो. ते बर्फ दाबते, मागच्या फिरत्या दात्यांनी भुगा करते आणि सारख्या रेघा पाडून पुढे जाते. थर जाड असेल तर एका फेरीत काम होत नाही. शिवाय दाबलेल्या बर्फाचे कण एकमेकांना धरून घट्ट व्हायला काही तास थंडी मिळावी लागते, म्हणून हे काम शक्यतो संध्याकाळी उरकतात आणि उतार रात्रभर तसाच सोडतात. मुलांनी उद्या सकाळी लवकर जावे, दुपारनंतर उन्हाने तोच उतार जड होतो.

जुना_सडककरी

विमानाचे मी सांगतो. मोकळा केलेला रस्ता दुपारी ओला होतो आणि रात्री ते पाणी गोठून काचेसारखा पातळ थर बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे पहाटे लवकर निघणे हे मुंबईत शहाणपणाचे असले तरी तेथे धोक्याचे आहे, कारण त्या वेळी रस्त्यावर माती-वाळू टाकणारी गाडी फिरलेली नसते. साखळ्या लावलेल्या स्थानिक गाडीने टंगमर्गपर्यंत उतरावे, आपली गाडी तेथेच बोलवावी, आणि साखळ्या काढ-घाल करणाऱ्या गाड्यांच्या गर्दीसाठी तासभर वेगळा ठेवावा. हवामानाचा अंदाज पुन्हा बर्फाचा असेल, तर परवाची वाट न पाहता उद्या दुपारी मुलांची शिकवणी झाल्यावरच श्रीनगरला उतरून मुक्काम करावा. गुलमर्गच्या खोलीचे एका रात्रीचे भाडे बुडाले तरी चार जणांच्या विमान तिकिटांपेक्षा ते स्वस्त पडेल.